आलाचा रंग कोणाचा

प्रति,
मे. रजिस्ट्रारसाहेब,
विद्यापीठ कचेरी, प्रबंध व पदव्या खाते

अर्जदार : लीलाधर चुडामण भोळे, बी.एस्सी., असिस्टंट लेक्चरर (रसायन), पांझराकाठ विद्यावर्धक मंडळाचे कॉलेज, धुळे, जिल्हा पश्चिम खानदेश.

विषय : 'आलाच्या मुळांपासून सुती कापडास पक्का तांबडा रंग' या एम.एस्सी.च्या प्रबंधाबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र ता. १८ जून १९४५, सोबत हक्कत्यागपत्राचा कोरा नमुना. २) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, पैकी एकाचे उत्तर आले.

महोदय,

आपण वरील पत्रात कळविता की, अर्जदाराचा प्रबंध दोन्ही परीक्षकांनी मान्य केला आहे. प्रबंधातील सर्व हक्क कॉलेज व विद्यापीठ यांचे निम्मेनिम आहेत असे अर्जदाराने सोबतच्या नमुन्यावर लिहून दिले, म्हणजे येत्या ऑगस्टच्या समारंभात त्यास पदवी मिळेल. तो नमुना अर्जदाराने कोराच ठेवला आहे. असे का केले, हे साहेबांस कळावे म्हणून सारी हकिगत पहिल्यापासून मांडणे भाग आहे. ती लांबल्यास क्षमा असावी. थोडक्यात लिहिलेल्या तीन अर्जांचा काही उपयोग झाला नाही.

१. अर्जदार मूळचा जळगावजवळच्या मेहरूणचा. सन १९४१ पासून तो वरील कॉलेजात रसायन शिकवितो. लढाईमुळे परदेशी रंगाच्या डब्या येईनाशा झाल्या आणि खानदेशातल्या बाजारांत तांबडे कापड दिसेनासे झाले. सन १९४२ च्या दिवाळीत अर्जदार एरंडोलास मावशीकडे गेला असता अंजनी नदीच्या काठी वाळत घातलेली तांबडीभडक धोतरजोडी त्याच्या दृष्टीस पडली. चौकशी करता ती सुपडू पुना रंगारी यांनी रंगविलेली निघाली. वय सत्तरीच्या पुढे, हात कोपरापर्यंत तांबूस, कानांनी थोडे कमी. सारा गाव त्यांस सुपडूआबा म्हणतो.

आबा आलाच्या मुळांचा रंग करीत. आल हे एक रानझाड असून त्याची मुळे साक्रीकडच्या डोंगरांतून येतात. कापड एरंडेल, शेळीच्या लेंड्या आणि खार यांच्या लगद्यात मुरवायचे, रोज तुडवायचे, वाळवायचे. असे दहा दिवस. मग तुरटीचे पाणी पाजायचे आणि शेवटी मुळांच्या पुडीबरोबर तांब्याच्या कढईत शिजवायचे. लगद्याला जो वास सुटतो तो लिहून कळण्यासारखा नाही. अर्जदार त्या वासात चार दिवाळ्या-उन्हाळ्यांच्या सुट्या बसला आहे. त्याची त्यास कधी किळस आली नाही. किळस कशाची आली, ते पुढे येईल.

२. आबांनी अर्जदारापासून काही लपविले नाही. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "मास्तर, लिखी ल्या बठ्ठं. मना आंडोरले याना कंटाळा शे, तो मीलमा जास. मी मरनू का हाऊ रंग बी गया." आंडोर म्हणजे मुलगा. अर्जदाराने विचारले, "पुस्तकात तुमचं नाव घालू का?" त्यावर म्हाताऱ्याने बराच वेळ कढई ढवळली आणि सांगितले, "मनं नाव ऱ्हाऊ द्या. मना बापनं लिखा. त्यानी माले शिकाडं." अर्जदाराने शब्द दिला. त्या वेळी पुना रंगाऱ्यांचे नाव त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेही.

अर्जदाराची स्वतःची भर एवढीच : आबा एका ठराविक विहिरीचेच पाणी घेत, दुसऱ्या पाण्याने रंग फिका येई. अर्जदाराने दोन्ही ठिकाणचे पाणी तपासले तेव्हा त्या विहिरीच्या पाण्यात चुना अधिक निघाला. मग दुसऱ्या पाण्यात किती चुना टाकला म्हणजे तोच रंग येतो, हे त्याने तोलून ठरविले. ही गोष्ट मोठ्या उत्साहाने आबांस सांगितली, तेव्हा ते हसले. त्यांचे वडील परगावी रंग करायला जात तेव्हा कमरेला चुन्याची डबी ठेवीत. म्हणजे जे ते चिमटीने करीत, तेच अर्जदाराने काट्याने केले. परंतु काट्याचेही काही मोल असते, असे अर्जदारास तेव्हा वाटे आणि आजही वाटते.

३. येथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीत अर्जदाराचा दोष आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अर्जदाराने घरी बसून मुलांसाठी रसायनाचे एक छोटे पुस्तक मराठीत लिहिले. कॉलेजने ते छापले. वेष्टनावर लेखक म्हणून प्रिन्सिपॉलसाहेबांचे नाव आले आणि आत बारीक टाइपात 'श्री. भोळे यांनी नकलेस साहाय्य केले' असे आले. नोकरी कायम व्हायची होती, म्हणून अर्जदार गप्प बसला. पुस्तकाच्या पंचवीस प्रती वाटण्यासाठी त्याच्याच हाती दिल्या, त्या त्याने वाटल्या. त्या दिवशी तो बोलला असता तर पुढचे कदाचित घडले नसते.

४. आलाच्या रंगाचे काम प्रबंधाच्या रूपाने विद्यापीठाकडे पाठवायचे ठरले. नियमाप्रमाणे मार्गदर्शक हवा, ते प्रिन्सिपॉलसाहेब झाले. मार्गदर्शनासाठी ते एकदा एरंडोलास आले. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून उतरले, आबांच्या अंगणापर्यंत आले, नाकाला रुमाल लावला आणि "हे काय?" असे विचारून परत मोटारीत जाऊन बसले. पाच मिनिटे झाली असतील.

प्रबंधाचे दुसरे प्रकरण आबा व त्यांचे वडील यांच्या पद्धतीवर होते. साहेबांनी त्यावर तांबड्या पेन्सिलीने काट मारली. म्हणाले, "भोळे, अडाणी माणसांची नावं प्रबंधात शोभत नाहीत. परीक्षक हसतील. 'स्थानिक पद्धती सदोष व अनिश्चित आहे' एवढं एक वाक्य पुरे."

पेन्सिल साहेबांची होती, परंतु नवी प्रत अर्जदाराने लिहिली. पुना रंगाऱ्यांचे नाव त्याने स्वतःच्या टाकाने गाळले आणि 'सदोष व अनिश्चित' हे शब्दही स्वतःच्याच टाकाने लिहिले. ही गोष्ट यापूर्वीच्या तिन्ही अर्जांत त्याने लिहिली नव्हती. लाज वाटली म्हणून लिहिली नव्हती.

५. प्रबंध गेल्या नोव्हेंबरात रवाना झाला. डिसेंबरात कॉलेजच्या नियामक मंडळाने ठराव केला की, नोकराने नोकरीत असता केलेले संशोधन, लेखन, कविता, नाटक, चित्र व 'अन्य कोणतीही बुद्धीची निपज' ही कॉलेजची मिळकत समजावी. अर्जदाराने लेखी कळविले की, हे काम कॉलेजात झालेले नाही, सुट्यांत व एरंडोलास झाले. प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यास खोलीत बोलावून सांगितले, "पगार आम्ही बारा महिन्यांचा देतो. म्हणजे तुमची सुटी ही कॉलेजचीच."

"आणि सुपडूआबा? त्यांना तर कॉलेज पगार देत नाही," असे अर्जदार म्हणाला.

"म्हणून तर त्यांचा काही हक्क नाही," असे उत्तर मिळाले.

त्याच महिन्यात साहेबांनी कॉलेजच्या नावे पेटंटासाठी अर्ज केला व शोधक म्हणून स्वतःचेच नाव घातले. एका मिलशी करारही केला. अर्जदारास हे स्नेहसंमेलनात कळले. साहेब आलाच्या रंगाचा फेटा बांधून व्यासपीठावर आले. 'माझ्या आयुष्याची तपश्चर्या' असे म्हणताना त्यांनी फेट्याच्या शेवाने डोळे टिपले. टाळ्या झाल्या. अर्जदाराच्या शेजारच्यांनी त्याचा हात धरून त्यासही टाळ्या वाजवायला लावल्या.

६. जानेवारीत कॉलेजचे हेडक्लार्क व पट्टेवाला भिकन असे दोघे अर्जदाराच्या बिऱ्हाडी आले. वह्या व नमुने ताब्यात घेण्याचा हुकूम त्यांच्याजवळ होता. वह्या दिल्या. कापडाचे सहा तुकडे दिले. हेडक्लार्क यादी पाहून म्हणाले, "नमुना सात राहिला. लुगडं, नग एक."

अर्जदाराच्या पत्नी सौ. यशोदाबाई यांच्यासाठी आबांनी मागल्या वर्षी संक्रांतीला एक लुगडे रंगवून दिले होते. अर्जदाराने मूर्खपणाने त्याची नोंद वहीत केली होती, रंग धुण्याने उतरतो की नाही हे पाहण्यासाठी. ते लुगडे त्या वेळी यशोदाबाईंच्या अंगावर होते.

यशोदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्याच बोलल्या. "नेसलेलं मागायला आलात? बसा. बदलून येते." आणि दोन मिनिटांनी घडी घालून बाहेर आणले. "धुऊन देऊ, की कॉलेजला असंच लागतं?"

भिकन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हेडक्लार्कांनी खाली मान घालून पावती लिहिली. घडी उचलताना भिकनच्या डोळ्यांत पाणी होते, हे त्याच्याविषयी सांगितलेच पाहिजे.

पुढे फेब्रुवारीत अर्जदार कामासाठी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत गेला असता तेथे मिलचे दोन गृहस्थ बसले होते. टेबलावर ते लुगडे उलगडलेले होते. एक गृहस्थ त्याचा पदर अंगठ्याने चोळून, थुंकी लावून पुन्हा चोळून पाहत होते. साहेब म्हणाले, "चोळा, चोळा, हवं तितकं चोळा." अर्जदार बाहेर आला व व्हरांड्याच्या टोकाला जाऊन ओकला. कॉलेजात शिकवायला उभे राहिले की त्याच्या तोंडाला तेव्हापासून तीच चव येते.

७. एवढ्यावर अर्जदाराने या तक्रारीचे तीन अर्ज आपल्याकडे केले. एकाचेच उत्तर आले. त्यात प्रबंधाची बांधणी हिरव्या कापडात हवी होती, ती निळ्या कापडात आहे, असे होते. बांधणी बदलून पाठविली.

८. मूळ मुद्दा आता येतो. गेल्या एप्रिलात मिलच्या वकिलांची इंग्रजी नोटीस सुपडूआबांस पोचली. तशीच एक नोटीस एरंडोलचे कापडवाले शेठ हस्तीमल यांस पोचली, कारण आबांचे कापड ते विकतात. आलाचा तांबडा रंग ही आता मिलची व कॉलेजची मालमत्ता होत असून आबांनी आठ दिवसांत रंगकाम बंद करावे, नपेक्षा फौजदारी होईल, असा मजकूर. पेटंट अद्याप मिळालेलेही नव्हते. शेठजींनी ती आबांस वाचून दाखविली व अर्जदारास माणूस पाठवून बोलावून घेतले.

अर्जदार गेला तेव्हा अंगणात चूल थंड होती. तांब्याची कढई उपडी घातली होती. दहा दिवस मुरविलेला लगदा आबांनी नदीत सोडून दिला होता, घाबरून. ते ओट्यावर बसले होते. नोटीस त्यांनी अर्जदाराच्या हाती दिली.

"मास्तर, हाऊ कागद काय सांगस? कोनं काय चोरं मी?"

"तुम्ही काही चोरलं नाही, आबा."

"मंग तुम्ही लिखी लेयेल होतं ना. तुमना पुस्तकमा मना बापनं नाव शे ना? ते दखाडा त्यास्ले."

नाव पुस्तकात नाही, ते आपणच गाळले, असे खरे ते अर्जदाराने सांगितले. आबा रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी नीट ऐकू आले नाही असे समजून पुन्हा विचारले, आणि अर्जदारास तेच वाक्य मोठ्याने, शेजारच्या बाया ऐकत असता, दुसऱ्यांदा म्हणावे लागले.

९. दुसऱ्या दिवशी अर्जदार प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेला व नोटीस मागे घेण्याविषयी त्याने हात जोडले. साहेबांनी शांतपणे परीक्षकांचा अभिप्राय काढून वाचला. 'सदर पद्धत सर्वस्वी नवीन असून पूर्वी कोणास अवगत नव्हती.' मग म्हणाले, "तुम्हीच लिहिलंत, भोळे. स्थानिक पद्धत सदोष व अनिश्चित. त्यावरून परीक्षकांनी हे लिहिलं. नवीन आहे, म्हणजे त्या म्हाताऱ्याचं नाही. पेटंट उभं आहे ते तुमच्याच शब्दावर. जा, पदवी घ्या, पेढे वाटा."

साहेबांच्या वागण्याची शिसारी अर्जदारास पूर्वीपासून होती. त्या दिवशी प्रथमच स्वतःची आली, आणि ती अधिक होती. घरी येऊन तो ताटावरून उठला. यशोदाबाईंनी सारे ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, "नाव तुम्ही खोडलंत. मग तुम्हीच लिहा. दुसरं कोण लिहील?"

१०. त्याप्रमाणे अर्जदाराने मुदतीत पेटंट कचेरीकडे हरकत नोंदविली आहे. हा रंग जुना आहे, अर्जदाराचा किंवा प्रिन्सिपॉलसाहेबांचा शोध नाही, असे प्रतिज्ञापत्र त्याने एरंडोलास मामलेदार कचेरीत केले. पुराव्याची पंचाईत होती. रंगाऱ्याच्या घरी कागद नसतात. तेव्हा शेठ हस्तीमल यांच्या मातोश्री पानबाई, वय पंच्याहत्तर, यांनी आपल्या लग्नातली ओढणी पेटीतून काढली. ती पुना रंगाऱ्यांनी रंगविलेली. शेठजी म्हणाले, "मास्तर, या ओढणीचं वय तुमच्या कॉलेजहून जास्त आहे. कचेरीत नेऊ का?" पानबाईंनी ती कोणाच्या हाती देण्यास साफ नकार दिला. यशोदाबाईंच्या लुगड्याची हकिगत त्यांच्या कानी गेली होती. भर उन्हात, ओढणी डोक्यावर घेऊन, त्या स्वतः कचेरीत चालत गेल्या आणि तशाच उभ्या राहून त्यांनी जबानी दिली. मामलेदारसाहेबांनी उठून त्यांस खुर्ची दिली.

प्रतिज्ञापत्राचा मराठी मजकूर अर्जदाराने संध्याकाळी आबांस त्यांच्या ओट्यावर वाचून दाखविला, मोठ्याने. 'पुना रंगारी, राहणार एरंडोल' हे शब्द आले तेव्हा आबांनी त्यास थांबविले व पुन्हा वाचायला सांगितले. मग विचारले, "मंग तुम्हले काय भेटनं, मास्तर?" अर्जदाराने सांगितले, काही नाही. आबा उठले, कढई सुलटी केली आणि सुनेला चूल पेटवायला सांगितले. शेठजींनी निकालापर्यंत थांबण्याविषयी सुचविले. आबांनी ते ऐकले नाही, किंवा त्यांस ऐकू आले नाही.

११. अर्जदाराने कॉलेजच्या नोकरीचा राजीनामा दिला असून तो मंजूर झाला आहे. त्याविषयी काही मागणे नाही. वह्या, पुस्तक, ठराव यांविषयीही आता काही मागणे नाही. मात्र कॉलेजने पेटंट कचेरीस जे उत्तर दिले आहे त्यात एकच पुरावा जोडला आहे, तो म्हणजे विद्यापीठाचा दाखला की, हा प्रबंध नवीन शोध म्हणून मान्य झाला. येत्या समारंभात पदवी दिली गेली की तो दाखला कायमचा पक्का होईल आणि एका म्हाताऱ्यास स्वतःच्या बापाचा रंग चोरून करावा लागेल.

अर्जदाराची तीन वर्षे त्या प्रबंधात गेली आहेत. चुन्याचे कोष्टक करताना कित्येक आठवडे त्याचे डोळे दुखले. ते कोष्टक बरोबर आहे, असे तो आजही म्हणेल. पदवीची हौस त्यास नव्हती असे नाही. मेहरूणास त्याच्या वडिलांनी, चुडामण नानांनी, ती सांगून ठेवली आहे आणि ते आता भावकीत काय सांगतील हे त्यास ठाऊक नाही.

तरी साहेबांस विनंती की, सदर प्रबंधातील 'स्थानिक पद्धती सदोष व अनिश्चित आहे' हे विधान खोटे असून ते अर्जदाराने जाणूनबुजून लिहिले, याची नोंद घ्यावी. परीक्षकांस तसे कळवून नावीन्याचा दाखला रद्द करावा व त्याची नक्कल पेटंट कचेरीस सुनावणीपूर्वी, म्हणजे ता. ९ ऑगस्टच्या आत, पोचेल असे करावे. आणि अर्जदार लीलाधर चुडामण भोळे यास एम.एस्सी. ही पदवी न देण्याची कृपा करावी.

आपला नम्र व येत्या एक तारखेपासून कोणाचाही नोकर नसलेला,
लीलाधर चुडामण भोळे

मुक्काम धुळे, ता. ११ जुलै १९४५